घडीखालची ओळ

आमच्या गडहिंग्लज भागात चांगली पिशवी फेकून देणाऱ्या बाईला संसार कळत नाही, असं समजतात. पिशवी दुधाची असो, साखरेची असो, नाहीतर माझ्या मसाल्याची. ती कडेनं नीट कापायची, उलटी करून धुवायची, दोरीवर वाळत घालायची आणि मग तिच्यात डाळ, औषधाच्या गोळ्या, रेशनकार्ड, काहीही भरून ठेवायचं. माझ्या आईच्या घरी पिशव्या ठेवायची एक पिशवी होती. माझ्याही घरी आहे. मी रूपाली सर्जेराव शिंत्रे, वय अठ्ठेचाळीस, 'शिंत्रे मसाले'ची मालकीण. हे सगळं मी जन्मापासून बघत आलेय. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. जे झालं ते मला माहीत असताना झालं.

धंदा तसा लहान. आठ बायका, एक ड्रायर, मसाला कुटायचे दोन डंक आणि ते डंक चालवत दिवसभर शिंकणारा माझा नवरा. आमचा कांदा-लसूण मसाला चालायचा तो पोवळी मिरचीवर. पोवळ्याच्या रंगाची, तिखटाला बेताची, आणि वासाला अशी की फोडणी आमच्याकडे पडली तर शेजारीण विचारायला येते. ही मिरची चाफेवाडीच्या पंचवीस घरांखेरीज कुठं पिकत नाही, आणि तिचं बी दुकानात मिळत नाही. ते सांभाळतात माझ्या थोरल्या नणंद, हौसाक्का.

त्यांची रीत अशी. माघात प्रत्येक घरानं आपल्या रानातल्या उत्तम मिरच्या वेचून त्यांच्याकडे आणून द्यायच्या. वन्सं त्या उन्हात वाळवतात, बी काढतात, पंचवीस घरांचं बी एकत्र कालवतात, राखेत घोळवतात आणि पंचवीस वाटे करून ठेवतात. अक्षय तृतीयेला पंचवीस घरं येतात आणि आपापला वाटा नेतात. कुणी स्वतःकडे बी ठेवायचं नाही. ठेवलं तर मिरची दोन वर्षांत फिकी पडते, असं वाडीत मानतात. मी एकदा हे शेतकी कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला सांगितलं तर तो म्हणाला, अंधश्रद्धा नाही ही, एकाच घराचं बी पिढ्यानपिढ्या लावलं की वाण कमजोर होतो. वन्संना मी हे कौतुकानं सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "त्येला पगार किती हाय?"

पूर्वी वाडीत घरोघरी अंगणात मिरची पडायची, त्यामुळे दोन-चार मुठी बी इकडेतिकडे असायचंच. तीन वर्षांपूर्वी मी ड्रायर घेतला. तेव्हापासून सगळी लाल मिरची ओलीच माझ्याकडे यायला लागली, अगदी घरच्या चटणीचीसुद्धा, आणि सत्तर अंशांवर वाळायला लागली. रंग टिकतो, बुरशी लागत नाही. बी मात्र मरतं. म्हणजे पोवळी मिरचीचं जिवंत बी जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, वन्संच्या स्वयंपाकघरात. याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. मीही नाही.

२०३७ साली प्लॅस्टिकच्या थराथरांच्या पाकिटांवर बंदी आली. मोठ्या कंपन्यांनी वर्षभर आधीच सोय करून ठेवली होती. आम्ही लहान लोक जत्रेत चुकल्यासारखे इकडून तिकडे फिरत होतो. कागदातून मसाल्याचं तेल बाहेर यायचं. काचेच्या बरण्या वाटेत फुटायच्या. कुणीतरी डॉ. निलोफर मुल्लांचं नाव सांगितलं. कोल्हापुरात त्यांची छोटी प्रयोगशाळा होती आणि लहान उद्योगांनाच माल द्यायचा असा त्यांचा हट्ट होता.

त्यांनी माझ्या हातात एक पापुद्रा ठेवला. पारदर्शक नाही, पण मऊ, चिवट, दुधी रंगाचा.

"कशाचं असेल?"

"प्लॅस्टिकच की हे."

"चिपाड आहे. तुमच्या साखर कारखान्यातलं."

मग त्यांनी मला समजावलं, आणि मला कळेल असं समजावलं. उसाला ताठ उभा ठेवणारा जो धागा असतो तो सेल्युलोज. चिपाडातून तो काढून, लगदा करून पातळ पत्रे करायचे. एवढं पूर्वीही जमत होतं. पण जे मसाल्याचं तेल धरेल असं घट्ट करावं, ते मातीत वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि जे पटकन कुजेल ते तेल धरत नाही. डॉक्टरांनी यातून वाट काढली होती. लगदा ओततानाच त्यात मातीतल्या एका जिवाणूचे बीजाणू मिसळायचे. बीजाणू म्हणजे जिवाणूची झोप. खायला-प्यायला संपलं की तो स्वतःभोवती कवच करून पडून राहतो, वर्षानुवर्षं, उकळलं तरी मरत नाही. पाणी मिळालं की जागा होतो आणि समोर येईल तो सेल्युलोज खात सुटतो. हवेतल्या दमटपणानं त्याला जाग येत नाही. पिशवी चांगली पाच-दहा मिनिटं भिजायला लागते. वापरून झाली, मातीत टाकली, पाणी पडलं, की चाळीस दिवसांत तिचं खत. माणसाला काही अपाय नाही. या पिशवीला त्यांनी नाव दिलं होतं 'माघारी'. मातीतून आलेलं मातीत माघारी जाणार, म्हणून.

"आणि मॅडम, भिजवून परत वाळवली तर?" मी विचारलं. हो, मीच विचारलं. आईच्या घरची दोरी माझ्या डोळ्यांसमोर होती.

डॉक्टर हसल्या. "हा प्रश्न पुण्याच्या एकाही माणसानं विचारला नाही. वाळवली तरी सगळे परत झोपत नाहीत. काही जागेच राहतात. चिकट थर करून बसतात, आत जे ठेवलं असेल त्याचीच ओल ओढून घेतात आणि हळूहळू खातात. पिशवी दोन-तीन महिने दिसायला छान राहते. पण आतला कागद, सुती कापड, डाळीचं साल, बियांचं कवच, सगळं सेल्युलोजच. त्यांना चिपाड काय आणि बी काय, फरक कळत नाही." त्यांनी करारातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "म्हणून हे समोरच्या बाजूला ठळक छापायचं. 'रिकामी पिशवी धुवू नये. तिच्यात काहीही साठवू नये.' एवढी एकच माझी अट आहे, रूपालीताई."

मी सही केली.

घरी येऊन पाकिटाचं चित्र बघितलं. वर लाल मिरच्या, मध्ये 'शिंत्रे मसाले', आणि खाली ठळक, 'धुवू नये.' मला ते उंदराच्या औषधाचं पाकीट वाटायला लागलं. आमची गिऱ्हाईकं म्हणजे घरच्या बायका. 'धुवू नये' वाचलं की आधी विचारणार, का हो, काय घातलंय आत? आणि ज्या दिवशी मी 'आत जिवाणू आहेत' म्हणेन त्या दिवशी डंक बंद.

मी ती ओळ उचलली आणि पाकिटाच्या तळाला नेली, जिथं पाकीट दुमडून चिकटवतात तिथं, घडीच्या आत. अक्षर बारीक केलं. आता पाकिटं तपासायचं काम सरकारी अ‍ॅप करतं. ते आडवं, न दुमडलेलं चित्र बघतं, ओळ आहे का बघतं आणि हिरवी खूण देतं. पाकीट दुमडल्यावर ती ओळ कुणाला दिसेल का, हे अ‍ॅपला विचारायला कुणी शिकवलं नव्हतं.

सर्जेरावांनी ते बघितलं. "अगं, पर बायका धुणारच की."

"म्हणूनच तर आत घातलंय. धुतल्या तर धुतल्या. डाळीला लागेल थोडी कीड. कीड लागतेच."

ते शिंकले आणि गेले. त्या वेळी मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला, हे लिहिताना कान गरम होतात.

पिशवी गाजली. 'मातीत माघारी जाणारं पहिलं मसाल्याचं पाकीट' म्हणून जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. बायका खरंच परसात पिशव्या पुरून बघत होत्या आणि मला खताचे फोटो पाठवत होत्या. जानेवारीत पुण्याच्या एका दुकानांच्या साखळीतून साळवी नावाचे गृहस्थ फोनवर बोलले. चाळीस दुकानांत माल ठेवायचा होता. फेब्रुवारीत ते स्वतः येणार होते.

ते आले त्याच दिवशी सकाळी वन्सं आल्या. चाफेवाडीच्या एसटीनं, डोक्यावर पदर, हातात माझ्यासाठी ओल्या हरभऱ्याचे डहाळे.

"रूपाली, बियाच्या पिशव्या कडंकडंनं फाटल्यात बघ. तुझ्या जुन्याच हुत्या. नव्या जाड हाईत म्हणं. पंचवीस दे."

आमच्याकडे एक गठ्ठा छपाई बिघडलेला होता. 'मसाले'च्या जागी 'मसले' झालं होतं, म्हणून भरलेला मसाला काढून पिशव्या बाजूला ठेवल्या होत्या. मी त्यातल्या पंचवीस मोजून दिल्या. वन्संनी एक पिशवी नाकाला लावली.

"मीठ-मसाल्याचा वास हाय. मीठ लागलं की बी उगवत न्हाई. धुवाय पायजे."

तेव्हाच मला सगळं आठवलं. डॉक्टरांचं बोट, करारातली ओळ, बियांचं कवच. सगळं एकदम. मी तोंड उघडलं, आणि दारात साळवींची गाडी थांबली. मी मनात म्हटलं, साळवी गेले की सांगते. वन्सं एसटी चुकेल म्हणून चहासुद्धा न घेता गेल्या.

दुपारी साळवी माझ्यासमोर बसून भाकरीबरोबर मसाला चाखत होते. कपाळावर घाम आला होता आणि तोंडानं वा वा चाललं होतं. करार टेबलावर होता. माझा फोन वाजला. वन्सं होत्या. त्यांचा आवाज मोठा, फोन कानाला लावला तरी खोलीभर ऐकू येतो.

"रूपाली, पिशव्या धुतल्या तर चालंल न्हवं?"

साळवींनी मान वर केली. त्यांना कुतूहल वाटलं असेल, दुसरं काही नसेल. मी त्यांच्याकडे बघून हसले.

"धुवा की, वन्सं."

"नक्की न्हवं?"

"व्हय, धुवा की."

"आपल्याकडे पुन्हा वापरायची पद्धत किती छान आहे," साळवी म्हणाले आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी फोन करायचा असं मी ठरवलं. संध्याकाळी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी चाळीस दुकानांचा माल भरायला घेतला. तिसऱ्या दिवशी मनात आलं, आता त्यांनी धुतल्याच असतील, आता सांगून काय उपयोग. हे खोटं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर बी दुसऱ्या डब्यात घालता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे घडीतल्या ओळीचंही सांगावं लागलं असतं, आणि 'चालंल न्हवं' असं विचारल्यावर मी 'धुवा' का म्हणाले, हेही. जितके दिवस गेले तितकं ते जड झालं. मार्चपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं की वन्संच्या राखेनं सगळं ठीक होईल.

एप्रिलच्या मध्याला एक शिक्षिका आल्या. मुलाचं दहावीचं गुणपत्रक त्यांनी आमच्या धुतलेल्या पिशवीत जपून ठेवलं होतं. कागदाची जाळी झाली होती, गणिताचे गुण तेवढे उरले होते. मग एक बाई तूरडाळ घेऊन आली. डाळीचा रवा झाला होता आणि पाऊस पडून गेल्यावर मातीला येतो तसा वास येत होता. मी दोघींची माफी मागितली, दोघींना स्टीलचे डबे दिले आणि कुणाला सांगू नका म्हणाले. त्या गेल्या, आणि मी चप्पल घालून एसटी स्टँडवर गेले.

वन्संच्या स्वयंपाकघरात खुंटीला बारक्या दोरीत ओवलेल्या पंचवीस पिशव्या टांगल्या होत्या. प्रत्येकीवर 'शिंत्रे मसले'. दिसायला अगदी कोऱ्या.

"का गं अशी न सांगता?"

"मिरचीचं बी बघायचं होतं वन्सं. पुण्याच्या लोकांना फोटो पाठवायचाय." तोंडातून खोटं किती सहज येतं.

त्यांनी एक पिशवी सोडून तळहातावर बी ओतलं. मिरचीचं बी पिवळं, चपटं, सुकं, कपड्यावर सांडलं तर निसटून जातं. हे एकमेकांना चिकटलं होतं. राखेमुळे रंग कळत नव्हता, पण मला वास आला. डाळीला आला होता तोच.

वन्संनी बी बोटानं चुरलं. कवच मऊ झालं होतं. त्यांनी दुसरी पिशवी सोडली, तिसरी सोडली. एकेक करत पंचवीसही पिशव्या सोडल्या. मग पाटावर बसल्या.

"राख ओली हुती जणू," त्या म्हणाल्या. "चुलीतनं काढली आणि तशीच कालवली. माझाच हात चुकला."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "मी थोडं कोल्हापूरला नेते, लॅबमध्ये बघतात, जिवंत आहे का."

डॉ. मुल्लांना मात्र मी सगळं सांगितलं. फोनवर काय बोलले तेही सांगितलं. त्यांना सांगणं सोपं होतं, त्या माझ्या कुणी नव्हत्या. त्या ओरडल्या नाहीत. टेबलावरचं पाकीट घेतलं, तळाची घडी नखानं उकलली आणि ती बारीक ओळ वाचली.

"मी सेल्युलोजचा विचार केला, तेलाचा केला, मातीचा केला," त्या म्हणाल्या. "बायका पिशवी धुतात हे तुम्ही मला सांगितलंत, तेव्हा मी छपाई स्वतः येऊन बघायला हवी होती. माझंही चुकलं."

मला त्या वाक्याचा आधार वाटला, आणि आधार वाटला याची लाज वाटली.

शंभर बिया ओल्या फडक्यावर ठेवल्या. मिरची रुजायला आठ-दहा दिवस घेते. नवव्या दिवशी एकीलाही मोड नव्हता. मग डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बिया फोडून आतला अंकुर जिवंत असेल तर काढायला सुरुवात केली. हजार बिया फोडल्या, त्यांतून चार अंकुर निघाले. काचेच्या नळीत, जेलीसारख्या अन्नात ते ठेवले. "जगतील का सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

अक्षय तृतीयेच्या दिवशी मी आणि सर्जेराव चाफेवाडीला गेलो. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पंचवीस घरांतली माणसं आली होती, नेहमीसारखी, पुरुष टोप्या घालून, बायका हातात वाटी घेऊन. आत पुरण शिजत होतं. वन्सं उंबऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

"औंदा बी न्हाई," त्या म्हणाल्या. "राख ओली घातली मी. समदं कुजलं. माझी चूक हाय. पुढच्या साली बी दुसऱ्या कुणाच्या हातात द्या."

पंचवीस वर्षं त्यांच्या हातचं बी रुजलं होतं. सर्जेराव माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं, घरी मी त्यांच्यापुढे रडले होते. त्यांनी मला एकदाही 'सांग' म्हटलं नव्हतं. ते सांगायचं माझं आहे, असं त्यांनी ठरवलं असावं. पण बहीण सगळ्यांपुढे मान खाली घालून उभी असताना त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

महादेवी म्हणून वाडीतली एक तरणी सून होती. तिची चार गुंठेच मिरची. ती म्हणाली, "वय झालंय तर आदीच सांगायचं हुतं की हो अक्का. आमच्या पोटावर का?"

वन्सं म्हणाल्या, "व्हय बाई. खरं हाय तुझं."

मी उठले. एकदा उठल्यावर बसता येत नाही.

"चूक वन्संची न्हाई," मी म्हणाले. "राख चांगली हुती. पिशवी माझी हुती." आणि मी सगळं सांगितलं. बीजाणू काय असतात, धुतल्यावर काय होतं, अट काय होती, ओळ मी कुठं लपवली. फोनचंही सांगितलं. "त्यांनी मला इचारलं, धुतल्या तर चालंल का. समोर पुण्याचा माणूस बसला हुता. मी धुवा म्हणाले. मला माहीत हुतं."

महादेवीच्या सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मागून कुणीतरी मला एक वाईट शब्द बोललं. मी तो ऐकला आणि तो बरोबर होता.

मी वन्संकडे बघितलं. त्या रागावतील, असं वाटलं होतं. खरं म्हणजे त्यांनी रागवावं अशी माझी इच्छा होती. त्या म्हणाल्या, "मला ठाव हुतं."

"काय ठाव होतं?"

"पिशवी धुताना आमी समदी उकलून धुतो. घडीत खरकटं ऱ्हातंय. तळाला बारीक छापलं हुतं, 'धुवू नये.' साक्षरतेच्या वर्गात शिकलेय मी, अक्षर लावून लावून वाचते, पर वाचते." त्या थांबल्या. "म्हणून तर फोन केला तुला."

तो फोन सहज आलेला नव्हता. नळाखाली धरायच्या आधी पिशवी हातात घेऊन त्यांनी मला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं.

"मग धुतल्यासा कशाला अक्का?" महादेवीनं विचारलं. "छापलं हुतं न्हवं?"

"छापलेलं एक हुतं आणि ही म्हणाली एक. छापणाऱ्याला मी कुठं वळखते? हिला वळखते." त्या माझ्याकडे बघून बोलत नव्हत्या. "आणि बी कुजल्यावर हिचं नाव कसं घ्यायचं? घरातली हाय."

मग त्यांनी पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "पुरण निवाय लागलंय. जेवून जावा समदी."

काहीजण निघून गेले. बरेच बसले. वन्संनी मला पंक्तीत बसवलं, इतरांना वाढलं तेवढंच वाढलं, पोळीवर तूप घातलं. मी जेवले. ताटातलं टाकायची सोय नव्हती. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या माझ्याशी नीट बोलतात, सणावाराला बोलावतात, हरभऱ्याचे डहाळे आणतात. फक्त मला कधी काही विचारत नाहीत. मिरचीला पाणी किती घालू, एसटी कितीला आहे, कोल्हापूरचा कुठला डॉक्टर चांगला, पूर्वी सगळं मला विचारायच्या. आता शेजारणीला विचारतात.

चार अंकुरांतले दोन जगले. ते महादेवीच्या परसात आहेत, बारीक जाळीच्या आत, कारण दुसऱ्या मिरचीचा पराग लागला तर पोवळी राहणार नाही. कुणाच्या परसात लावायची ते वाडीनं ठरवलं. माझं परस कुणी सुचवलंसुद्धा नाही. पंचवीस घरांना पुरेल एवढं बी व्हायला चार-पाच वर्षं लागतील. तीही दोनच झाडांची औलाद, ती कितपत तग धरेल हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. आमचा मसाला आता बाजारच्या मिरचीचा असतो, आणि तसं पाकिटावर लिहिलेलं असतं. चाळीस दुकानांपैकी नऊ उरली आहेत.

पिशवी मी बदलली नाही. पिशवीचा दोष नव्हता. ती ओळ आता समोर आहे, मिरच्यांच्या चित्राच्या जागी, तांबड्या ठसठशीत अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी. त्याखाली माझा नंबर आहे. दिवसाकाठी पाच-सात फोन येतात. निपाणीहून, आजऱ्याहून, पार सोलापूरहून. सगळ्यांचं बोलणं एकच.

"ताई, पिशवीवर छापलंय ते वाचलं. पण तुम्ही सांगा, धुतली तर चालेल ना?"

"नाही चालणार. धुवू नका," मी सांगते.

"नक्की ना?"

प्रत्येकीनं हा दुसरा प्रश्न विचारला की क्षणभर मला वन्संचा आवाज ऐकू येतो, आणि पहिल्यांदा उत्तर देतेय अशी मी परत सांगते.